२०० अँपिअरचं वेल्डिंग मशीन असून रॉड चिकटतोय, मग ४०० चं घेऊ का?

संकेश्वरकडच्या एका पोरानं विचारलंय, ते थोडक्यात असं: "काका, गोठ्याचं गेट आणि शेतातली बारकी कामं घरीच करावीत म्हणून २०० अँपिअरचं सिंगल फेज इन्व्हर्टर मशीन घेतलंय. घरापासून गोठा ५० मीटर लांब, तिथपर्यंत वायर ओढून नेलीय. ५० मिलिमीटरच्या अँगलला रॉड चिकटतोय, करंट वाढवला की चौकोनी पाइपला भोकं पडतात, आणि जिथं जमलंय तिथं हातोडी मारली की जॉइंट सुटून येतोय. दुकानदार म्हणतोय ४०० चं घे. घेऊ का? ऊस सुरू व्हायच्या आत ट्रॉलीचा हुक पण लावायचाय."

घेऊ नको. निदान आत्ता तरी नको. का ते सांगतो, जरा लांबेल.

मी बेळगावच्या उद्यमबाग इंडस्ट्रियल एरियात दुसऱ्याच्या शॉपमध्ये १९ वर्षं काढली, आता खानापूर रोडला स्वतःचं पत्र्याचं शेड आहे, गेट, ग्रिल, शेड, ट्रॉली, जे येईल ते करतो. तुझ्यासारखे महिन्याला दोघंतिघं तरी येतात आणि सगळ्यांचं पहिलं वाक्य हेच, मशीन कमी पडतंय. आता तूच लिहिलेलं परत वाच. अँगलला चिकटतोय म्हणजे रॉडच्या टोकाला करंट पुरत नाही. पाइपला भोक पडतंय म्हणजे पाइपच्या मानानं करंट जास्त होतोय. एकच मशीन एकाच दिवशी कमी पण देतंय आणि जास्त पण देतंय, असं कसं? ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि तू दोन्हीला मिळून एकच औषध शोधालास. सुटून येणारा जॉइंट हे तिसरं, पण ते पहिल्याचंच पोर आहे.

न बघता सांगतोय त्यामुळं काही गोष्टी तुझ्याकडच्या परिस्थितीवर आहेत, संध्याकाळी तुमच्या गावात व्होल्टेज किती राहतं, वायर तांब्याची की ॲल्युमिनियमची, मीटरपासून बोर्डापर्यंतचं वायरिंग किती जुनं, हे मला माहीत नाही. पण "५० मीटर वायर" एवढं वाचलं आणि मला निम्मं उत्तर मिळालं.

वेल्डिंग म्हणजे काय, तर करंटनं मारलेली एक फेरी. मशीनच्या एका टोकातनं निघायचं, केबल, होल्डर, रॉड, मग रॉडच्या टोकाशी ती दोनतीन मिलिमीटरची फट उडी मारून ओलांडायची, तो आर्क, मग लोखंडातनं क्लॅम्पला आणि क्लॅम्पच्या केबलनं परत मशीनला. ह्या वाटेवर कुठंही अडथळा आला की तो आर्कच्या वाटणीतनं वजा होतो. आणि मशीनला जे लागतं ते बोर्डातनं येतं, ती आधीची वाट. तू मशीन विकत घेतलंस, वाट कुणी बघितलीच नाही.

हिशोब करूया. १०० अँपिअरला आर्कवर साधारण २४ व्होल्ट असतात, म्हणजे २.४ किलोवॅट. मशीनमधलं नुकसान आणि स्वस्त इन्व्हर्टरचा पॉवर फॅक्टर, म्हणजे कामाच्या मानानं तो जास्तीचा करंट ओढतो ते, धरला तर बोर्डातनं १६-१८ अँपिअर ओढले जातात. आता तू घरात पडलेली दीड स्क्वेअरची, म्हणजे दीड चौरस मिलिमीटरची वायर नेली असशील, बहुतेक सगळे तेच करतात, तर ५० मीटर जायचे आणि ५० यायचे, १०० मीटर तांब्याचा रेझिस्टन्स जवळपास १.२ ओहम होतो. १७ अँपिअरला तिथंच २० व्होल्ट गेले. संध्याकाळी गावात मुळात २०५ असतील तर गोठ्यात पोचले १८५. तिथं बरीच बारकी मशीनं एकतर बंद पडतात नाहीतर आकडा १२० दाखवून प्रत्यक्षात तेवढं देत नाहीत. वायर ॲल्युमिनियमची असेल तर अजून वाईट. चार स्क्वेअरची तांब्याची केबल घे, तेवढ्याच अंतराला ८ व्होल्टच जातील. आणि उरलेली वायर गुंडाळी करून ठेवू नको, सगळी पसरून टाक, गुंडाळी तापते आणि इन्सुलेशन वितळतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. प्लग पण १६ अँपिअरचा चांगला घे, जमलं तर इंडस्ट्रियल टाइपचा, मोबाइल चार्जर लावतोस त्या ५ अँपिअरच्या सॉकेटला वेल्डिंग मशीन म्हणजे बोर्ड काळा झालाच म्हणून समज.

आता ४०० वाल्या मशीनचं. दुकानदार बहुतेक ट्रान्सफॉर्मरचं म्हणत असणार. मशीन चांगलं असतं, मी वाईट म्हणत नाही, माझ्याकडं एक आहे, धूळ, उन्हाळा, पोरांची लाथ, सगळं सोसतं आणि बिघडलं तर कुठलाही वाइंडिंगवाला दुरुस्त करतो. पण ते दोन फेजवर, म्हणजे ४१५ व्होल्टवर चालणारं असतं, घरच्या सिंगल फेज मीटरवर काय करणार? आणि साध्या ट्रान्सफॉर्मरची खोड अशी की आर्कवर २४ च व्होल्ट असले तरी तो आतनं ७० व्होल्टच्या हिशोबानं ओढतो, १०० अँपिअरला ७ केव्हीए. तेवढं २३० वर काढायचं म्हटलं तर ३० अँपिअर. तुझी वायर आधीच दमलीय, तिच्यावर अजून दुप्पट ओझं. मळ्यातल्या पंपाचं थ्री फेज आहे म्हणशील तर ते तासावर येतं आणि ते पंपासाठी दिलेलं कनेक्शन आहे, त्यावर वेल्डिंग करू नको.

तुझं २०० वालं मशीन तुझ्या कामाला उरून पुरेल. फक्त मागच्या प्लेटवर ड्युटी सायकल बघ. २०० अँपिअरला ६० टक्के लिहिलं असेल तर १० मिनिटात ६ मिनिटं वेल्डिंग, ४ मिनिटं विश्रांती. १०० वर चालवलंस तर विश्रांतीची गरज पडणारच नाही बहुधा. काम संपल्यावर लगेच स्विच काढू नको, फॅन दोन मिनिटं फिरू दे. आणि ग्राइंडर मशीनच्या बाजूला चालवू नको, लोखंडाची भुकटी फॅन आत ओढतो आणि आतल्या सर्किटच्या कार्डावर बसते, इन्व्हर्टर मरतात ते जास्त करून ह्यानंच.

पुढचं, क्लॅम्प. त्याला सगळे अर्थिंग म्हणतात, मी पण म्हणतो, पण ते अर्थिंग नव्हे, करंटची परतीची वाट आहे. खरं अर्थिंग म्हणजे प्लगची तिसरी पिन, ती वेगळी आणि ती पण पाहिजेच. क्लॅम्प रंगावर, गंजावर लावलास तर ठिणग्या तिथंच उडणार आणि तुझा रॉड चिकटणार. जिथं लावायचा तिथं ग्राइंडरनं पांढरं लोखंड काढ, आणि वेल्डिंगच्या जागेपासून जितका जवळ लावता येईल तितका लाव. परतीची वाट नीट नसेल तर करंट दुसरी शोधतो. माझ्याच हातनं झालेलं सांगतो. एकदा ट्रॉलीच्या सांगाड्याला वेल्डिंग करताना आळस केला आणि क्लॅम्प चाकाच्या रिमला लावला, जवळ होतं म्हणून. करंट बेअरिंगमधनं गेला, आत गोळ्यांवर खड्डे पडले, आठ दिवसात चाक ओरडाय लागलं आणि बेअरिंगचे पैसे माझ्या खिशातनं गेले. ट्रॅक्टर जोडलेला असेल तर तो आधी सोडव. ट्रॅक्टरवरच काम असेल तर बॅटरीच्या दोन्ही वायरी काढून मगच.

आता रॉड. तू लिहिलं नाहीस पण पैजेवर सांगतो, तुझ्याकडं १० नंबरचं एकच पाकीट आहे. दुकानात नंबरावर मागतात आणि इथं नंबर वाढला की रॉड बारीक होतो, नवीन पोरांचा गोंधळ होतो. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० म्हणजे ३.१५, १२ म्हणजे २.५ आणि १४ म्हणजे २. ढोबळ हिशोब एका मिलिमीटरला ३०-४० अँपिअर, तिथनं सुरू करायचं आणि कामाप्रमाणं खालीवर. १० नंबरला ९० ते १३०, १२ नंबरला ६० ते ९०. तुझ्या गेटचा पाइप दीड-पावणेदोन मिलिमीटरचा असणार, त्यावर १० नंबरचा रॉड म्हणजे डास मारायला कुदळ. रॉड चालायलाच ९० लागतात आणि ९० ला पाइप टिकत नाही, तू करणार काय? १२ नंबर घे, ५५-६५ वर लाव, भोक पडतंय वाटलं तर १४ नंबर. अँगल ५-६ मिलिमीटरचा असेल तर त्याला तुझा १० नंबर बरोबर आहे, ११०-१२० वर, वायर बदलल्यावर चिकटायचा थांबेल.

अजून एक, इन्व्हर्टर डीसी असतं, त्यामुळं होल्डर कुठल्या बाजूला लावायचा हे तुझ्या हातात आहे. होल्डर प्लसला लावला की वेल्डिंग खोल जातं, मायनसला लावला की कमी खोल. म्हणून पातळ पाइपला होल्डर मायनसला, जाडाला प्लसला. ट्रान्सफॉर्मरवर शिकलेल्यांना हे माहीतच नसतं, कारण एसीला बाजूच नसते. उलट डीसीला एक रोग आहे, कोपऱ्यात किंवा कडेला आर्क वाऱ्यानं उडवल्यासारखा एका बाजूला पळतो, ते चुंबकामुळं होतं, क्लॅम्पची जागा बदलली किंवा आर्क आखूड धरला की बरंचसं कमी येतं.

पाकिटावर ६०१३ लिहिलंय ना बघ. आपल्याकडचे बहुतेक रॉड तेच. पहिले दोन आकडे ताकदीचे, ६० म्हणजे चौरस इंचाला ६०,००० पौंड ताण, तिसरा १ म्हणजे आडवं, उभं, डोक्यावर सगळीकडं चालतो, आणि शेवटचा आकडा वरच्या मसाल्याची जात आणि करंट सांगतो. मसाला म्हणजे ते राखाडी कव्हर, त्याला आम्ही मसालाच म्हणतो. सगळं गणित त्या मसाल्यात आहे. सुरुवातीला लोक उघड्या तारेनं वेल्डिंग करायचे, वितळलेलं लोखंड हवेतला ऑक्सिजन-नायट्रोजन खायचं आणि ठिसूळ व्हायचं. स्वीडनच्या ऑस्कर केलबर्गनं १९०४ मध्ये ईसाब ही कंपनी काढली आणि त्याच दशकात तारेवर कव्हर चढवायची कल्पना आणली. मसाला जळून वायू होतो तो वितळलेल्या लोखंडाभोवती हवा येऊ देत नाही, उरलेला वर कवच होऊन बसतो, तो स्लॅग. म्हणून मसाला उडालेला रॉड वापरायचा नाही, आणि चिकटलेला रॉड वाकवून वाकवून काढलास की टोकाचा मसाला तुटतो, मग तो परत चिकटणारच. तेवढं टोक भंगारातल्या पट्टीवर जाळून टाक आणि मग वापर.

ओलाव्याचं पण बघ. आमच्या खानापूर बाजूला जून ते सप्टेंबर भिंती घामेजतात, पाकीट उघडं राहिलं की रॉड फसफसतो आणि वेल्डिंगमध्ये पिनांची भोकं दिसतात. झाकणाच्या डब्यात ठेव, सर्दावले तर तासभर १०० अंशाच्या आसपास तापव. ७०१८ नावाच्या रॉडची गोष्ट वेगळी, ती हुकाच्या वेळी सांगतो.

आता हात. मी शिकलो ते गोकाककडच्या एका कानडी मेस्त्रीकडं. पहिले पंधरा दिवस त्यानं मला जोडायला काही दिलंच नाही. भंगारातली ६ मिलिमीटरची पट्टी, त्यावर खडूनं रेघ आणि त्या रेघेवर रॉड संपेपर्यंत ओढायचं. मी पळवायला लागलो की मागनं "निधान, निधानऽ" म्हणजे हळू, आणि एकाच जागी थांबलो की "काय करालास रे, झोपलास काय?" तेवढं मराठी त्याला यायचं. तो कधी वेल्डिंगकडं बघायचाच नाही, पाठ करून चहा प्यायचा आणि नुसत्या आवाजावरनं ओरडायचा. आर्क बरोबर असला की पत्र्यावर एकसारखा पाऊस पडतोय असा आवाज येतो. लांब झाला की फडफडतो, ठिणग्या लांब उडतात. फार आखूड झाला की गुदमरल्यासारखा होऊन चिकटतो. आर्कची लांबी रॉडच्या जाडीएवढी, म्हणजे तीन मिलिमीटर, पण गंमत अशी की रॉड जळून आखूड होत जातो त्यामुळं पुढं सरकताना हात सारखा खाली पण उतरत राहिला पाहिजे. नवीन माणूस पुढं सरकतो, खाली उतरत नाही, आर्क लांब होतो, लोखंड इकडंतिकडं थेंब थेंब पडतं आणि त्या शेळीच्या लेंड्या दिसतात. रॉड जराचा मागं झुकलेला ठेव, उभ्यापासून १०-१५ अंश, आणि आपल्याकडं ओढत आण. नजर झगझगीत ठिपक्यावर नको, त्याच्या मागच्या वितळलेल्या तळ्यावर ठेव, तळं दोन्ही लोखंडांना भिजवतंय का तेवढंच बघायचं.

सुटून येणारा जॉइंट इथंच कळेल. तुटलेली जागा नीट बघ. अँगलची मूळची धार तशीच्या तशी दिसतेय आणि रॉडचं लोखंड वर मेणासारखं बसलंय, तर खालचं वितळलंच नव्हतं, करंट कमी किंवा हात घाईचा. मधे काळ्या काचेसारखे तुकडे अडकलेत, तर पहिला थर साफ न करता वर दुसरा मारलास, चिपिंग हॅमर आणि तारेचा ब्रश दर थराला फिरवायचा असतो. भोकंभोकं दिसतात, तर रंग, तेल, गंज किंवा ओला रॉड. आणि कडेला चर पडलाय, तर करंट जास्त किंवा कडेला थांबला नाहीस. तोडून बघितल्याशिवाय शिकता येत नाही, मी अजून नवीन पोराला जोडायला नंतर लावतो, तोडायला आधी.

म्हणजे उद्या क्रम असा: मल्टिमीटर घेऊन गोठ्यात वेल्डिंग चालू असताना व्होल्टेज बघ, एकट्यानं नको, दुसऱ्याला बघायला सांग. १९० च्या खाली असेल तर केबल बदल. मग क्लॅम्पची जागा घास. मग १२ नंबरचं पाकीट आण. एवढं करून पट्टीवर पन्नास रॉड जाळ, गेट नंतर. दुपारी करून बघितलंस तर व्होल्टेजचा फरक तुला आपोआप कळेल.

गेटला सगळीकडं आधी टाके, म्हणजे ठिपक्याएवढं वेल्डिंग, मार, कर्ण मोजून बघ दोन्ही सारखे आहेत का, आणि मगच पूर्ण वेल्डिंग, ते पण एका बाजूनं सलग नाही, एकदा ह्या कोपऱ्याला एकदा समोरच्या. सलग केलंस तर गेट पापडासारखं वाकतं आणि मग कडी लागत नाही.

पाइप जस्ताचा पांढरा असेल तर जॉइंटच्या दोन्ही बाजूचं जस्त घासून काढ आणि वारा पाठीमागनं येईल असा बस. जस्ताचा धूर घेतला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो, आमच्याकडं सगळे त्यावर गूळ खायला सांगतात, गूळ खा चांगला असतो, पण तो धुरावरचा उतारा नाही. डोळ्याचं पण तसंच. काच १० किंवा ११ नंबरची पाहिजे, गॉगल लावून टाके मारू नको. मी पहिल्या महिन्यात "एकच टाका" म्हणून मारत राहिलो, दिवसभर काही नाही आणि रात्री एक वाजता डोळ्यात वाळू ओतल्यासारखं झालं, आईनं बटाट्याच्या चकत्या ठेवल्या, शेजारणीनं दूध घालायला सांगितलं. दूधबिध काही घालू नको, थंड पाण्याची पट्टी आणि डॉक्टर, एकदोन दिवसात उतरतं. गोठा आहे म्हणजे खाली ओलं असणार, गोमूत्र, पाणी, तिथं अनवाणी किंवा ओल्या हातमोज्यानं रॉड बदलू नको, रॉड लावलेला नसताना पण होल्डरवर ६०-७० व्होल्ट असतात आणि ओल्या अंगाला ते पुरेसे आहेत. फळीवर उभा राहा, जनावरं बाहेर काढ, कडबा लांब ने. डिझेलचा रिकामा बॅरल कापायला किंवा जोडायला तर कुणी कितीही पैसे दिले तरी घेऊ नको, रिकाम्यातच वाफ असते.

कुणीतरी तुला बिडाचा, म्हणजे कास्ट आयर्नचा, पार्ट पण आणून देईलच, चरकाचा नाहीतर पंपाचा, बेळगावात फाउंड्र्या पुष्कळ त्यामुळं बिडाचं सामान घरोघरी. त्याला ६०१३ लावू नको. चिकटल्यासारखं दिसतं आणि थंड होताना बाजूनं तडकतं. त्याला निकेलचा रॉड लागतो, महाग असतो, आणि इंच इंच करून हळू थंड करत करायचं काम आहे.

आता हुक. त्यावर दहा-बारा टन ऊस लोंबणार, मागं दुसरी ट्रॉली असेल तर दुप्पट, आणि ते हायवेच्या चढाला माणसांच्या मधनं जाणार. तिथं ७०१८ लागतो, तो लो हायड्रोजन, म्हणजे वेल्डिंगमध्ये हायड्रोजन कमी जाऊ देणारा, आणि तो कोरडाच पाहिजे, उघडं पाकीट असेल तर ३००-३५० अंशाला तास-दोन तास ओव्हनमध्ये भाजून गरम गरम वापरायचा. बल्ब लावलेल्या पेटीत ठेवून ते होत नाही, ती पेटी भाजलेला रॉड कोरडा ठेवायला. जाड प्लेटच्या कडा घासून व्ही आकाराची खाच करून, खाचेच्या तळाशी दोनतीन मिलिमीटर फट ठेवून, थरावर थर, प्रत्येक थर साफ करून. तुझं मशीन ते करू शकतं, होल्डर प्लसला लावून. तू अजून करू शकत नाहीस. यंदाचा हुक संकेश्वरात जुन्या कारागिराकडं नेऊन करून घे, आणि तो करताना शेजारी काच घेऊन उभा राहा.